खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : गोळेश्वर, सातारा जिल्हा, १५ जानेवारी १९२६, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत त्यांनी मुक्त शैली कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९०० साली पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारताच्या नावावर धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती. परंतु तेव्हा देश ब्रिटिश अमलाखाली होता. ठेंगणी पण चपळ आणि बळकट शरीरयष्टी असल्यामुळे जाधव यांना ‘पॉकेट डायनॅमो’ असे टोपणनाव मिळाले होते. क्रीडावर्तुळात ते के. डी. जाधव या नावानेही ओळखले जातात.

जाधव यांची जडणघडण गावची तालीम आणि महाविद्यालय अशा दोन्ही ठिकाणी झाली. हेलसिंकीच्या प्रवासासाठी त्यांना गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि आपल्या प्राचार्यांनी काढलेल्या कर्जावर अवलंबून राहावे लागले. पदक मिळाल्यानंतरही त्यांच्या कामगिरीची शासकीय पातळीवरील दखल बहुतांशी मृत्यूनंतरच घेतली गेली.

बालपण आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

गोळेश्वर हे सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यातील, कराड शहरालगतचे गाव आहे. कृष्णा आणि कोयना या नद्यांच्या संगमाजवळच्या या परिसरात, तसेच शेजारच्या सांगली आणि कोल्हापूर भागांत, कुस्तीची परंपरा जुनी आहे. गावोगावच्या तालमी आणि जत्रांमधील कुस्त्यांचे फड हे तेथील सामाजिक जीवनाचे नेहमीचे अंग होते. खाशाबांचे वडील दादासाहेब जाधव हे शेतकरी आणि नावाजलेले पैलवान होते. पाच भावांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना कुस्तीचे धडे देण्यास सुरुवात केली.

त्यांचे शालेय शिक्षण १९४० ते १९४७ या काळात कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. याच काळात १९४२ चे ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू झाले आणि सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकारची चळवळ उभी राहिली. शालेय वयातील खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, ब्रिटिश सत्तेविरुद्धची पत्रके वाटणे अशा कामांत भाग घेतला.

महाविद्यालयीन काळ

शालेय शिक्षणानंतर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. १८८० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय दक्षिण महाराष्ट्रातील जुन्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयामुळे कोल्हापूर हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून कुस्तीचे प्रमुख केंद्र बनले होते. १९१२ मध्ये बांधून झालेले खासबाग मैदान हे त्या आश्रयाचे ठळक उदाहरण होय. महाविद्यालयीन शिक्षण आणि तालमीतील मेहनत या दोन्ही गोष्टी एकाच शहरात शक्य असल्यामुळे खाशाबांच्या दृष्टीने कोल्हापूर महत्त्वाचे ठरले. तेथे त्यांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले.

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. सुमारे साडेपाच फूट उंची आणि किरकोळ दिसणारी शरीरयष्टी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीच्या स्पर्धेत घेण्यास नकार दिला. तेव्हा खाशाबांनी थेट प्राचार्य खर्डेकर यांची भेट घेतली आणि त्यांच्याकडून परवानगी मिळवली. स्पर्धेत त्यांनी आपल्याहून धिप्पाड आणि अनुभवी मल्लांना हरवले. या वेळेपासून प्राचार्य खर्डेकर त्यांचे पाठीराखे बनले.

खाशाबांची कुस्ती ताकदीपेक्षा चपळाई आणि डावपेचांवर आधारलेली होती. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला विळखा घालून त्याला झटक्यात खाली आणणारा ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव मानला जाई.

मातीवरील आणि गादीवरील कुस्ती

खाशाबा ज्या परंपरेत वाढले ती लाल मातीची होती. आखाड्यातील माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद इत्यादी पदार्थ मिसळले जातात. अशा मऊ मातीत पायाची बोटे रुतवून पैलवान आपला तोल सांभाळतो. पारंपरिक निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट करणे, म्हणजे त्याची पाठ जमिनीला टेकवणे, हाच विजय मानला जातो. कुस्ती कितीही वेळ चालू शकते आणि निकाल लागला नाही तर ती बरोबरीत सोडवली जाते.

ऑलिंपिकमधील मुक्त शैलीची कुस्ती गादीवर, म्हणजे मॅटवर होते. तेथे पाय रुतवता येत नाहीत आणि पावलांची हालचाल वेगळी ठेवावी लागते. स्पर्धकांची विभागणी वजनगटांनुसार केली जाते. कुस्तीला वेळेची मर्यादा असते. त्या काळी ती १५ मिनिटे होती. चीतपट झाली नाही तर पंचांच्या निर्णयावर विजेता ठरे. स्पर्धेची रचनाही आजच्याहून भिन्न होती. प्रत्येक फेरीतील निकालानुसार मल्लाच्या खात्यावर दोषगुण जमा होत आणि ते ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले की तो बाद होई. त्यामुळे एक कुस्ती हरलेला मल्लही पुढे खेळून पदक मिळवू शकत असे. मातीत तयार झालेल्या भारतीय मल्लांना गादी, वेळेची मर्यादा आणि गुणपद्धती या तिन्ही गोष्टींशी अल्पकाळात जुळवून घ्यावे लागत होते.

लंडन ऑलिंपिक, १९४८

१९४८ साली लंडन येथे झालेली स्पर्धा ही स्वतंत्र भारताची पहिली ऑलिंपिक स्पर्धा होती. खाशाबांची निवड फ्लायवेट (५२ किलो) गटासाठी झाली. त्यांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर या प्रशिक्षकांचे मार्गदर्शन मिळाले. गादीवरील कुस्तीच्या तंत्राचे पद्धतशीर शिक्षण त्यांना प्रथमच तेथे मिळत होते.

स्पर्धेत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांना पराभूत केले. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र त्यांना पराभव पत्करावा लागला. अखेरीस ते सहाव्या क्रमांकावर राहिले. गादीवर खेळण्याचा फारसा अनुभव नसलेल्या मल्लासाठी ही कामगिरी उल्लेखनीय होती. लंडनहून परतल्यावर त्यांनी पुढील ऑलिंपिक डोळ्यांसमोर ठेवून वरच्या वजनगटाची तयारी सुरू केली.

हेलसिंकीसाठी निवड आणि निधी

१९५२ च्या ऑलिंपिकसाठीची निवडप्रक्रिया वादग्रस्त ठरली. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी देण्यात आला आणि त्यामुळे निवड हुकली, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादविंद्र सिंग हे त्या वेळी भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या हस्तक्षेपाने पुन्हा चाचणी कुस्ती घेण्यात आली. तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीतपट केले आणि भारतीय संघात स्थान मिळवले.

निवडीनंतर प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. १९४८ मध्ये खर्च उचलणारे कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले होते, त्यामुळे पूर्वीप्रमाणे राजाश्रयावर विसंबून राहणे शक्य नव्हते. दुसरीकडे ऑलिंपिकला जाणाऱ्या खेळाडूंचा संपूर्ण खर्च शासनाने करावा, अशी व्यवस्था तेव्हा अस्तित्वात आलेली नव्हती. मुंबई राज्य सरकारकडे वारंवार विनंती केल्यानंतर ४,००० रुपयांची मदत मिळाली. ती पुरेशी नव्हती.

उरलेली रक्कम खाशाबा आणि त्यांच्या कुटुंबीयांनी लोकांकडून जमवली. गोळेश्वर आणि कराड परिसरातील गावकऱ्यांनी, दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. आपल्या एका विद्यार्थ्याच्या परदेशातील स्पर्धेसाठी शिक्षकाने पत्करलेली ही जोखीम खाशाबांच्या जीवनकथेतील सर्वाधिक स्मरणात राहिलेली घटना आहे.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

हेलसिंकीमध्ये खाशाबा बँटमवेट (५७ किलो) गटात उतरले. महायुद्धानंतर जपानला ऑलिंपिकमध्ये पुन्हा प्रवेश मिळाल्यानंतरची आणि सोव्हिएत संघ प्रथमच सहभागी झाल्यानंतरची ही स्पर्धा होती. या दोन्ही देशांच्या मल्लांमुळे कुस्तीतील चुरस लंडनपेक्षा वाढली होती.

खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचे लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर विजय मिळवला. त्यानंतर त्यांची गाठ जपानचे शोहाची इशी यांच्याशी पडली. ही कुस्ती पूर्ण वेळ चालली आणि खाशाबा गुणांवर पराभूत झाले. इशी यांनी पुढे या गटाचे सुवर्णपदक जिंकले. हेलसिंकीतील जपानचे ते एकमेव सुवर्णपदक होते.

या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर लगेचच खाशाबांना सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव यांच्याविरुद्ध उतरण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु त्या वेळी आखाड्यापाशी खाशाबांची बाजू मांडणारा एकही भारतीय पदाधिकारी उपस्थित नव्हता, असे त्यांच्या कारकिर्दीविषयीच्या वृत्तान्तांत नमूद आहे. थकलेल्या अवस्थेत ते ही कुस्ती हरले. मम्मदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. हा दिवस होता २३ जुलै १९५२.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलै रोजी, भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सचा ६–१ असा पराभव करून सुवर्णपदक पटकावले. त्या काळी ऑलिंपिकमधील भारताची ओळख प्रामुख्याने हॉकीशी जोडलेली होती आणि देशाचे लक्षही तिकडेच होते. हेलसिंकीत भारताला ही दोनच पदके मिळाली. याच स्पर्धेत महाराष्ट्राचे दुसरे मल्ल केशव माणगावे हे फेदरवेट गटात चौथे आले आणि त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

ऑलिंपिकमधील कामगिरी

१९४८, लंडन : मुक्त शैली, फ्लायवेट (५२ किलो), सहावा क्रमांक.
१९५२, हेलसिंकी : मुक्त शैली, बँटमवेट (५७ किलो), कांस्यपदक.

मायदेशी स्वागत

पदक घेऊन परतलेल्या खाशाबांचे कराड रेल्वे स्थानकावर ढोल-ताशांच्या गजरात स्वागत झाले. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांना गोळेश्वरला नेण्यात आले. एरवी अल्पावधीत पार होणारे हे अंतर कापण्यास गर्दीमुळे कित्येक तास लागले. ज्यांच्या वर्गणीतून प्रवास घडला होता, तेच लोक या मिरवणुकीत सहभागी झाले होते.

त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः त्यांत कुस्त्या केल्या आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकर यांचे गहाण पडलेले घर सोडवले. ऑलिंपिक पदकविजेत्याला स्वतःच्या स्पर्धेसाठी झालेले कर्ज फेडण्यासाठी पुन्हा आखाड्यात उतरावे लागले, ही बाब तत्कालीन क्रीडाव्यवस्थेची स्थिती स्पष्ट करते.

पोलीस सेवा

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पोलीस दलांतर्गत स्पर्धांमध्ये त्यांनी अनेक विजय मिळवले, तसेच क्रीडाप्रशिक्षक म्हणूनही काम केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीमुळे त्यांना त्या स्पर्धेत भाग घेता आला नाही आणि त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपुष्टात आली.

सुमारे २७ वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. क्रीडासंघटनांकडूनही त्यांची उपेक्षाच झाली. अखेरची वर्षे त्यांनी आर्थिक ओढगस्तीत काढली. १९८२ मध्ये दिल्ली येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या वेळी क्रीडाज्योतीच्या दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले; हयातीत मिळालेल्या मोजक्या राष्ट्रीय सन्मानांपैकी तो एक होता.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते.

सन्मान आणि स्मृती

खाशाबांना हयातीत अर्जुन पुरस्कार किंवा पद्म पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्काराची सुरुवातच मुळी १९६१ साली झाली. परंतु तोपर्यंत त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली होती आणि पुढील दोन दशकांतही त्यांचा विचार झाला नाही. त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान पुढीलप्रमाणे आहेत.

महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार, १९९२–९३ (मरणोत्तर).
भारत सरकारचा अर्जुन पुरस्कार, २००० सालासाठी (मरणोत्तर).
२०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेसाठी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलात उभारलेल्या कुस्ती सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.
१५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जन्मदिनी, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले.
महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस ‘राज्य क्रीडा दिन’ म्हणून साजरा करण्याचे ठरवले.

क्रीडापत्रकार संजय दुधाणे यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी त्यांच्या जीवनावरील ‘खाशाबा’ या मराठी चित्रपटाची घोषणा केली. त्यांना पद्म पुरस्कार मिळावा, अशी मागणी त्यांच्या कुटुंबीयांनी आणि कुस्तीप्रेमींनी अनेक वर्षे लावून धरली आहे.

क्रीडा-इतिहासातील स्थान

खाशाबांच्या पदकाचे महत्त्व नंतरच्या कालखंडावरून अधिक स्पष्ट होते. भारताला पुढील वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ४४ वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. कुस्तीतील पुढचे पदक तर ५६ वर्षांनी, २००८ साली बीजिंग येथे सुशील कुमार यांनी जिंकले. त्यानंतर योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी कुमार दहिया, बजरंग पुनिया आणि अमन सेहरावत यांनीही कुस्तीत ऑलिंपिक पदके मिळवली. हे सर्व मल्ल हरियाणाचे आहेत. तेथे गादीवरील कुस्तीचा सराव, प्रशिक्षण केंद्रे, शासकीय नोकऱ्या आणि रोख पारितोषिके यांची व्यवस्था उभी राहिली. महाराष्ट्रात मातीवरील कुस्तीची लोकप्रियता टिकून राहिली, परंतु ऑलिंपिकच्या दृष्टीने गादीवरील तयारी दीर्घकाळ मागे पडली.

खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या नेमबाजीच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या वेळी खाशाबांच्या नावाची राज्यभर पुन्हा चर्चा झाली.

खाशाबांच्या यशामागे व्यक्तिगत कौशल्याइतकाच लोकाश्रयाचाही वाटा होता. घरातून मिळालेले शिक्षण, गावची तालीम, कोल्हापूरचे महाविद्यालय, संस्थानाने एकदा दिलेला आधार आणि संस्थान गेल्यावर सामान्य लोकांनी व प्राचार्यांनी उचललेला भार, या सर्वांच्या बळावर त्यांनी ऑलिंपिकपर्यंतची मजल मारली. राजाश्रय संपलेला आणि शासकीय क्रीडाधोरण अद्याप आकाराला न आलेले अशा मधल्या काळातील खेळाडूंना कोणत्या परिस्थितीला तोंड द्यावे लागले, हे समजून घेण्यासाठी त्यांचे चरित्र अभ्यासले जाते.